क्रो योद्धे आणि सिंगापूरची दमट हवा

७ फेब्रुवारी २०२६, शनिवार. सायंकाळी.

माझ्या सुनेने, सुचित्राने, आज पुण्याला माझ्या मुलीला, शुभदाला, फोनवर जो वृत्तान्त सांगितला तो असा : "अगं, बाबा आज पुलाउ उबीन बेटावर बोटीतून उतरताना पडले. एका आजींच्या अंगावरच! हल्ली त्यांना नीट दिसत नाहीये, पण कबूल करतील तर शपथ."

एवढ्याशा निवेदनात तीन चुका आहेत. त्या येथे दुरुस्त करून ठेवतो.

एक. मी पडलो नाही, मी बसलो. धक्क्याची पायरी जेथे असावयास हवी होती तेथे ती नव्हती. चूक पायरीची.

दोन. ज्यांच्या अंगावर मी बसलो त्या आजी नव्हत्या. ते एक सद्गृहस्थ होते. त्यांचा आवाज बारीक होता, एवढे मान्य.

तीन. दृष्टीचा येथे काहीही संबंध नाही. ह्याच डोळ्यांनी मी पुण्याच्या छापखान्यात एक्केचाळीस वर्षे मुद्रितशोधन केले. उलटा बसलेला अक्षराचा खिळा मी हातभर अंतरावरून ओळखत असे.

फोन माझ्याकडे दिला गेला. शुभदा म्हणाली, "बाबा, चारुकाकांचं झालं तसं नको व्हायला. हे घराण्यात असतं. आणि आता उपाय आहे. लवकर गेलं तर डोळा वाचतो. इंजेक्शन देतात." मी विचारले, कोठे. ती म्हणाली, "डोळ्यातच." मी फोन सुचित्राकडे परत दिला.

९ फेब्रुवारी, सोमवार.

संकल्प. उद्यापासून रोज एक चित्र अभ्यासावयाचे. सकाळी नऊ ते बारा. मराठी वाचनमंडळात माझे व्याख्यान २८ मार्चला. म्हणजे वेळ भरपूर आहे.

विषयाची नोंद प्रथमच व्यवस्थित करतो. निहारिका ही विद्यापीठात संशोधन करणारी मुलगी, आमच्या वाचनमंडळात येते. डॉक्टरेट तिने अमेरिकेत, मॉन्टाना राज्यात केली. तेथील घरमालकिणीने निरोप देताना तिला एक जुनी चामडी फाइल भेट दिली. आत एकोणिसाव्या शतकातील कोण्या प्रवासवर्णनातून सुटी झालेली अकरा चित्रे आहेत. पोलादी पत्र्यावर रेघ रेघ कोरून छापलेली. विषय : क्रो ह्या अमेरिकेतील आदिवासी जमातीच्या योद्ध्यांचे दैनंदिन जीवन. लढाई एकाही चित्रात नाही. तंबू उभारणे, घोडे पाण्यावर नेणे, धनुष्याला तात बांधणे, केस विंचरणे. मला हे फार आवडले. योद्धाही सकाळी उठून केस विंचरतो, हे इतिहासकारांच्या लक्षात क्वचितच येते.

निहारिका फाइल माझ्या हाती देताना म्हणाली, "काका, तुमच्याइतकं बारकाईनं दुसरं कोण बघणार?" हे वाक्य निर्दोष आहे.

वाचनमंडळाचे निशिकांत ह्यांनी मात्र आमंत्रणात "कावळा जमातीचे योद्धे" असे छापले. मी त्यांना फोन केला. क्रो हे गोऱ्यांनी पाडलेले नाव. ते लोक स्वतःला अप्सालोके म्हणवतात, म्हणजे मोठ्या चोचीच्या पक्ष्याची लेकरे. निशिकांत म्हणाले, "अण्णा, मोठ्या चोचीचा पक्षी म्हणजे कावळाच ना शेवटी?" ह्या गृहस्थांचा पगार मी विचारलेला नाही, पण ते मॅनेजर आहेत.

मी आरंभीच्या परिच्छेदात "ही लुप्त झालेली जमात" असे लिहिले होते. निहारिकेने ते खोडले. तिची तेथील खोलीसोबतीण क्रो होती आणि आठवड्यातून दोनदा तिचा शॅम्पू वापरत असे. दुरुस्ती स्वीकारली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

चित्र क्रमांक दोनमध्ये गंभीर दोष सापडला. क्रो लोकांच्या तंबूचे वासे फार लांब, शेंड्याच्याही पुष्कळ वर गेलेले, आणि अर्थातच सरळ असत. चित्रातील वासे मधोमध वाकलेले आहेत. ओल्या शेवग्याच्या शेंगा जणू. चित्रकाराने स्थळावर कच्चे रेखाटन केले. कोरणाऱ्याने दूर शहरात बसून, एकही तंबू न पाहता, पत्रा कोरला. असे निहारिकेनेच सांगितले होते. निष्कर्ष उघड आहे. कोरणारा बेजबाबदार होता.

निहारिकेला लेखी कळवले. तिचे उत्तर : "काका, मला तर सरळच दिसतायत. ट्यूबलाइटखाली बघा ना परत."

तरुणांना निरीक्षणाची सवय उरलेली नाही. ट्यूबलाइटखाली पाहिले. जास्तच वाकलेले दिसले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

चित्र चार : घोडे पाण्यावर. भाला वाकडा. चित्र सहा : धनुष्य. धनुष्य वाकडेच असते, पण तातसुद्धा? ह्या कोरणाऱ्यास आमच्या छापखान्यात पहिल्याच दिवशी घरी पाठवले असते.

व्याख्यानास आता नवे शीर्षक : "अकरा चित्रे : एक दोषदर्शन". निशिकांतना कळवले. ते म्हणाले, "अण्णा, थोडं हलकंफुलकं ठेवा."

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

चिनी नववर्ष. ब्लॉकखाली, म्हणजे आमच्या इमारतीखाली, सिंहनृत्य. नात पूर्वी (वय बारा) मला ओढून घेऊन गेली. ढोल भयंकर. सिंहाला तोंड नव्हते. सभोवती झालर, मध्ये एक करडा डाग. मी पूर्वीला म्हणालो की, सिंहाचा मुखवटा ह्या वर्षी फारच साधा आहे. ती म्हणाली, "साधा? आजोबा, सो मेनी कलर्स लाह! डोळे पण ब्लिंक करतात!"

("लाह", "मेह" ही येथील बोलीची शेपटे; त्यांना अर्थ नसतो.) तिने बहुधा गेल्या वर्षीचा सिंह आठवून सांगितले असावे.

लिफ्टच्या दाराची उभी कडही वाकलेली आहे. हल्लीची कामे अशीच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी.

घाईत लिहितो आहे.

चित्र पाच. योद्धा पाय पसरून बसला आहे. गुडघ्यांवरून खाली येणारे लांब केस; क्रो पुरुषांना केसांचा मोठा अभिमान. हातात साळिंदराच्या शेपटाची फणी. हे सर्व दिसते. चेहरा नाही.

पंधरवड्यापूर्वी चेहरा होता. मला नाक आठवते.

चित्र दुसऱ्याचे आहे. पावणेदोनशे वर्षांचे. माझ्या ताब्यात आहे. आणि ते पुसले जात आहे.

२० फेब्रुवारी. सायंकाळी.

कारण सापडले. दमट हवा. सिंगापूरसारख्या ठिकाणी भिंतींना, चामड्याला, पापडांनासुद्धा बुरशी येते, तर कागदाची काय कथा. ओलाव्याने कागद फुगतो, त्यामुळे सरळ रेघा वाकतात. पुढे शाई विरघळते, त्यामुळे चेहरे जातात. पहिल्या दिवसापासूनची सर्व लक्षणे जुळतात. कोरणाऱ्यावर मी अन्याय केला. त्याबद्दल त्याची मनातल्या मनात क्षमा मागितली.

निहारिकेला तूर्त सांगावयाचे नाही. आधी रोग थांबवावा, मग वृत्तान्त द्यावा.

२१ फेब्रुवारी, शनिवार.

संकल्प :
माझ्या खोलीतील एअरकॉन अहोरात्र अठरावर. दार बंद.
ओलावा शोषणारे प्लास्टिकचे डबे, आठ. फाइलीभोवती वर्तुळात.
चित्रांकडे उगाच पाहावयाचे नाही. श्वासातही ओलावा असतो.

२२ फेब्रुवारी, रविवार.

पाहिले. चित्र सातमधील दोघांचेही चेहरे गेले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.

खोलीत मी स्वेटर, कानटोपी आणि माझ्या मुलाचे, संजीवचे, जाड मोजे घालून बसतो. पूर्वी शब्दकोश मागावयास आली आणि "आजोबा, इट्स लाइक गेंटिंग इन हिअर!" असे ओरडून पळाली. गेंटिंग हे मलेशियातील थंड हवेचे ठिकाण.

संजीवने चांगी बिझनेस पार्कमधून, ऑफिसातूनच, फोन केला. "बाबा, सुचित्रा म्हणते तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतलात. डोळ्यांची अपॉइंटमेंट घेऊ का? मी हाफ डे टाकतो." मी म्हणालो, कपाची कड वाकडी आहे. त्याने कीबोर्डवर काहीतरी टाइप केले. मग म्हणाला, "ठीक आहे." त्याच्या "ठीक आहे"चा मला ह्यापूर्वी कधी असा राग आला नव्हता.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.

डबे पुरेसे नाहीत. तांदूळ ओलावा शोषतो हे सर्वश्रुत आहे. पूर्वी आपला भिजलेला मोबाइल तांदळात ठेवते. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वयंपाकघरातील तांदळाच्या पिंपात, तळाशी, ठेवली.

सायंकाळी सुचित्राने भातासाठी मापटे घातले. तेथून पुढील संवाद नोंदवणे सभ्यतेस धरून नाही. सारांश : "बाबा, तांदळात रेड इंडियन निघाले!" मी शांतपणे सांगितले की, रेड इंडियन हा शब्दप्रयोग चूक आहे. ती पिंपाच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली आणि हसावे की रडावे हे तिला ठरवता आले नसावे. चेहऱ्यावरून काही कळले नाही. चेहरा मला नीट दिसला नाही, कारण पाठीमागे खिडकी होती.

खिडकी डाव्या हातास होती. पण उजेड परावर्तित होऊ शकतो.

१ मार्च, रविवार.

मोठा शोध! चष्मा पुसताना उजवा डोळा खाजवला. तेवढ्या वेळात डाव्या डोळ्याने चित्र पाचकडे नजर गेली, आणि चेहरा परत! नाक, कपाळ, सर्व.

अर्थ असा की, उत्कीर्णचित्र पाहण्याची शुद्ध पद्धत एका डोळ्याने पाहणे हीच आहे. कोरणारासुद्धा एका डोळ्यास भिंग लावूनच कोरत असे. म्हणजे चित्र एका डोळ्यासाठीच निर्माण केलेले असते. दोन डोळ्यांनी पाहणारा अडाणी. आजवर कोणी हे लिहिले नसावे. व्याख्यानाचा आरंभ ह्यानेच करावा. श्रोत्यांना सांगावे : कृपया सर्वांनी उजवा डोळा मिटावा.

आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

४ मार्च, बुधवार.

उजवा डोळा मिटून दिवसभर वावरलो. पूर्वी म्हणाली, पायरेट.

दादाची आठवण आली. चारुदत्त, माझा थोरला भाऊ. त्याचे असेच मधले गेले आणि कडेचे राहिले. समोरचा माणूस दिसत नसे. त्याच्या शेजारची कुंडी दिसे. त्याची सून त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवी. भराभर. ओळी गाळून. "प्रस्ताव" असेल तेथे "प्रस्थान". पहिले काही महिने दादा तिला दुरुस्त करी. पुढे त्याने सोडून दिले. मी भेटावयास जाई तेव्हा तो मान हलवत ऐकत बसलेला असे आणि शेवटी म्हणे, "छान वाचलंस हो."

ते "छान वाचलंस" मला अद्यापि ऐकू येते.

दादाचे आणि माझे काही साम्य नाही. तो बँकेत होता. त्याने डोळे कधी वापरलेच नाहीत.

१० मार्च, मंगळवार.

डाव्या डोळ्यानेही.

१० मार्च. नंतर.

वरील वाक्य अपूर्ण आहे. पूर्ण करतो. डाव्या डोळ्याने पाहिले असता आज चित्र दोनमधील एक वासा, फक्त एकच, किंचित, अगदी किंचित वाकलेला दिसला. बाकीचे सरळ होते.

एकच आहे. कागद तेवढ्याच जागी फुगला असेल.

जेवताना सुचित्राने वाटी पुढे केली. मला तिच्या कानांतील कुड्या दिसल्या, गळ्यातील मंगळसूत्र दिसले. ती "बाबा, आमटी?" म्हणाली तेव्हा मी कुड्यांकडे पाहून हो म्हटले. माणसांत ओलावा कसा शिरेल, हा प्रश्न मनात आला. तो मी पुढे नेला नाही.

भीती वाटते. चित्रे दुसऱ्याची आहेत म्हणून. केवळ म्हणून.

१२ मार्च, गुरुवार.

निहारिकेस पत्र लिहिण्यास बसलो. "आपण विश्वासाने सुपूर्द केलेली चित्रे माझ्या ताब्यात असताना नष्ट होत असून" येथवर आलो. माझीच ओळ माझ्याच ओळीवर चढलेली होती. दुसरा कागद. तिसरा कागद. शेवटी फोन केला. मी म्हणालो, "निहारिका, चेहरे गेले." ती म्हणाली, "काका, कुणाचे?" मी म्हणालो, "सगळ्यांचे."

ती शनिवारी येते म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्याचीच जास्त भीती वाटली.

१४ मार्च, शनिवार.

झाले ते असे.

निहारिका अकराला आली. दीड तास प्रवास करून. विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी टेबलावर पांढरे धोतर अंथरून त्यावर अकराही चित्रे ओळीने मांडली होती. पंचनाम्यासाठी मांडतात तशी. मी एअरकॉनपासून तांदळापर्यंत सर्व कबूल केले आणि म्हणालो, भरपाई होण्यासारखी नाही हे जाणतो.

ती एकेक चित्र उचलून पाहू लागली. उजेडात नेले. उलट करून पाहिले. सुचित्रा दारात, संजीव तिच्या मागे. मग निहारिका म्हणाली, "काका, काहीच झालेलं नाहीये ह्यांना. एक तांदूळ चिकटलाय फक्त."

मी म्हणालो, माझी समजूत काढू नकोस.

"अहो, खरंच! चित्रं एकदम व्यवस्थित आहेत."

मी पूर्वीला बोलावले. लहान मुले अशा प्रसंगी खोटे बोलत नाहीत. मी विचारले, हा पाचव्या चित्रातला माणूस, ह्याचा चेहरा कसा आहे? पूर्वी वाकली. "हा? ही इज लाफिंग, आजोबा."

हसतो आहे?

"या लाह. केसांत गुंता झालाय ना, सो बाजूचा माणूस त्याला काहीतरी बोलतोय, अँड ही इज लाफिंग. दात पण दिसतात. यू नेव्हर सी, मेह?"

मी ते चित्र सहा आठवडे अभ्यासले. त्यावर चार पाने लिहिली. शीर्षक दिले : "योद्ध्याची गंभीर साधना".

निहारिकेने तिच्या मॉन्टानाच्या त्या क्रो खोलीसोबतिणीविषयी काहीतरी सांगण्यास आरंभ केला, ती ह्या चित्रांतील ग्रीक पुतळ्यांसारखी नाके पाहून कशी लोळत हसली वगैरे. मध्येच ती थांबली. संजीव म्हणाला, "बाबा, सोमवारी सकाळी." ह्या वेळी प्रश्नचिन्ह नव्हते.

१६ मार्च, सोमवार.

नेत्रचिकित्सालय. डॉक्टरीणबाई संजीवपेक्षा लहान. त्यांनी मला चौकड्यांचा एक कागद दिला; मध्ये ठिपका. म्हणाल्या, ठिपक्याकडे पाहा, रेघा कशा दिसतात?

मी म्हणालो की, कागद फार निष्काळजीपणे छापलेला आहे. मध्यभागी रेघा वाकल्या असून एक चौकडी गहाळ आहे. छापणाऱ्याचे नाव कळल्यास मी त्यास लिहीन. संजीवने इंग्रजीत भाषांतर केले. सर्व केले नसावे.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, फिरवला, वरची बाजू खाली केली आणि परत दिला. दोष तेथेच होता. कागद फिरला, दोष फिरला नाही. त्यांनी दुसरा कागद दिला. पुन्हा तेथेच.

छापखान्यात नवीन मुलगा आला की मी त्याला पहिली गोष्ट ही शिकवीत असे. डाग एका प्रतीवर असेल तर कागद तपास. डाग प्रत्येक प्रतीवर त्याच जागी असेल तर कागदाला हात लावू नकोस. यंत्र थांबव.

मी चष्मा काढला. संजीवला म्हणालो, बाईंना विचार, यंत्र थांबवायला उशीर झाला का.

त्याला वाक्य कळले नाही. त्याने ते तसेच विचारले असावे. पण बाईंना कळले. त्या म्हणाल्या, उजव्या डोळ्यात व्रण झाला आहे. तेथे फारशी आशा नाही. डाव्यात आता आता सुरू झाले आहे. तो वाचवू. त्यासाठी इंजेक्शन, ह्याच आठवड्यात, पुढे दर महिन्यास. त्यांनी दिलेली तारीख : १९. म्हणजे गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, असे मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही.

१८ मार्च, बुधवार.

संकल्प : उद्या जावयाचे नाही. एका डोळ्यावर इतके अवलंबून असताना त्याच डोळ्यात सुई खुपसू देणे तर्कास धरून नाही. सकाळी ताप असल्याचे सांगावे.

सुचित्रा मोगऱ्याचा गजरा गुढीसाठी फ्रिजमध्ये ठेवत होती. तिला म्हणालो, मला कणकण वाटते. ती म्हणाली, "बाबा, अठरावर एअरकॉन लावून बसलात तर आणखी काय होणार?" मग माझ्याजवळ येऊन बसली. "मला पण उद्याची भीती वाटतेय. मी आत येऊ का तुमच्याबरोबर? येऊ देतात का माहीत नाही. भांडेन."

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा.

थेंब घातले. डोळा बधिर केला. पापण्या चिमट्याने धरल्या. वर पाहा म्हणाले. वर पाहिले. सुई दिसली नाही, दाब कळला. आणि मग डोळ्यात काळे थेंब तरंगत खाली आले, पाण्याच्या पेल्यात शाई सांडल्यासारखे. मी ओरडलो नाही.

(सुचित्राने शुभदाला फोनवर "बाबा केवढ्यांदा ओरडले" असे सांगितले. तिला आत येऊ दिलेले नव्हते. ती बाहेर होती. तेव्हा बाहेरपर्यंत ऐकू गेले असावे.)

श्रीखंड चांगले होते.

२३ मार्च, सोमवार.

संकल्प : व्याख्यान मीच देणार. टिपणांची आवश्यकता नाही; अकराही चित्रे मला पाठ आहेत. निहारिका एकेक चित्र पडद्यावर दाखवील, मी क्रमाने बोलेन. शीर्षक बदलले. "दोषदर्शन" काढून टाकले.

जाड काळ्या मार्करने लिहीत आहे. एका पानावर सहा ओळी बसतात.

२८ मार्च, शनिवार.

व्याख्यान झाले. आमच्या सेंगकांग वस्तीतीलच एका काँडोच्या, म्हणजे खासगी गृहसंकुलाच्या, हॉलमध्ये. सव्वीस श्रोते. बोलण्यात अडखळलो नाही. पाचव्या चित्राशी आलो तेव्हा म्हणालो, "पाहा, हा माणूस हसतो आहे." लोक हसले. फार चांगले वाटले. दहाव्या चित्रापर्यंत खोकलासुद्धा कोणी काढला नाही. इतकी शांतता मी मराठी श्रोत्यांत कधी अनुभवलेली नाही. अखेरीस टाळ्या. निशिकांतनी हात हातात घेतला. "छान झालं हो अण्णा. खूप छान."

परत येताना एलआरटीत, म्हणजे येथील छोट्या रेल्वेत, पूर्वी माझी बाही ओढू लागली. मी विचारले, काय झाले? ती खाली पाहत असावी. म्हणाली, "आजोबा, डोंट बी सॅड, हां? निहारिकाताईंच्या लॅपटॉपवर ऑर्डर मिक्स झाली होती. सिक्सनंतर. तुम्ही शिकार म्हणत होता, तेव्हा स्क्रीनवर बाळाला झोपवत होते."

शेवटपर्यंत?

"मोस्टली."

आणि कोणी काही म्हणाले नाही?

"निहारिकाताई स्टॉप करणार होत्या. पण तुम्ही सो हॅपी होता. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, अँड देन… नो वन सेड."

सव्वीस माणसे. त्यांत दोन प्राध्यापक.

३० मार्च, सोमवार.

आज पूर्वीला बोलावले आणि सांगितले : ह्यापुढे मी चुकलो तर त्याच क्षणी सांगावयाचे. लोकांसमोर. मोठ्याने. मी दुःखी होईन की नाही ह्याचा विचार करावयाचा नाही. ती म्हणाली, "प्रॉमिस?" आणि लगेच म्हणाली, "देन आजोबा, तुमच्या शर्टची बटणं चुकलीयेत."

बटणे नीट लावली.

डॉक्टरीणबाईंनी दोष दिसू लागल्यापासूनच्या तारखा मागितल्या आहेत. त्यांच्या कागदावर, मी सांगितल्यावरून, "दोन आठवडे" असे नोंदले गेले आहे. ते चूक आहे. तारखा दुरुस्त करून देतो. संजीवने जसेच्या तसे भाषांतर करावे, गाळू नये.

२७ ऑगस्ट २०२५. गणपतीची आरती. निरांजनाची वात वाकडी लावली म्हणून सुचित्रास सर्वांसमोर बोललो. वात सरळ होती.

१२ नोव्हेंबर २०२५. पूर्वीच्या मराठी निबंधात चार चुका काढल्या. त्यांपैकी दोन नव्हत्या. तिने तरीही चारही दुरुस्त केल्या.

३ जानेवारी २०२६. ब्लॉकखाली शेजारी मिस्टर लिम समोर येऊन हसले असे म्हणतात. मी उत्तर दिले नाही. ते गर्विष्ठ आहेत, असे मी घरी सांगितले.

३१ जानेवारी २०२६. चित्रे ह्या दिवशी घरात आली. वरील सर्व तारखा ह्याच्या आधीच्या आहेत.

३० मार्च २०२६. आजची तारीख. कॅलेंडरवर वाचता आली नाही. सुचित्राला विचारून लिहिली.